मनोवस्था तपासणीची घडण

मानसोपचार विभागात नव्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘एमएसई’ या मथळ्याखाली जी नोंद होते, ती मनोवस्था तपासणीची. बाह्य रूप व वागणूक, बोलणे, भावस्थिती, विचार, भास, स्मरण व लक्ष, निर्णयशक्ती आणि शेवटी आजाराची जाण, असा तिचा क्रम साधारण ठरून गेला आहे. निवासी डॉक्टर तो पाठच करतात. हा क्रम कुणी एका बैठकीत आखलेला नाही. त्यातला एकेक रकाना वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेपोटी आला आणि चिकटून राहिला.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम केलेल्या एस्किरोलचा 1838 सालचा ग्रंथ हा यातला एक जुना थर. समोर काहीच नसताना ऐकू येणे किंवा दिसणे एक, आणि समोर असलेल्या वस्तूलाच भलते काही समजणे दुसरे, हा भेद त्याने स्पष्ट मांडला. कोपऱ्यात कुणी नसताना माणूस उभा दिसणे आणि खुंटीवरच्या कोटाला माणूस समजणे यांची नोंद आजही वेगवेगळी होते ती त्यामुळे.

दुसरी गरज कायद्याची होती. कुणाला वेडा ठरवून कोंडायचे तर त्याला पुरावा हवा. म्हणून इंग्लंडमध्ये 1853 च्या कायद्यापासून दाखल्यावर डॉक्टरने स्वतः पाहिलेल्या गोष्टी आणि इतरांनी सांगितलेल्या गोष्टी निरनिराळ्या लिहिण्याची सक्ती झाली. हिंदुस्थानात 1912 च्या ल्युनसी कायद्याच्या नमुन्यातही हेच दोन भाग होते, आणि ठाणे-येरवड्यासारख्या रुग्णालयांतल्या भरतीला पुढे कित्येक दशके तोच कायदा लागू राहिला. हा नियम अन्याय टाळण्यासाठी केलेला; तो नेहमी टळला असे नाही. पण नातेवाइकांनी सांगितलेली हकिकत एका बाजूला आणि डॉक्टरच्या समोर त्या वेळी जे दिसले-ऐकू आले ते दुसऱ्या बाजूला, ही विभागणी अशा कागदांमुळे अंगवळणी पडली असावी.

जर्मनीत एमिल क्रेपेलिनने निरीक्षणाला मोजदादीची जोड दिली. 1886 ते 1891 या काळात तो दोर्पात येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूत, प्राध्यापक होता. तिथल्या बहुतेक रुग्णांची भाषा त्याला येत नव्हती. दुभाषा मध्ये घ्यावा लागे. रुग्ण काय सांगतो यापेक्षा तो कसा दिसतो, कसा वागतो आणि आजार पुढे कुठल्या वळणाने जातो यावर त्याचा भर राहिला, त्याला हेही एक कारण मानले जाते. पुढे हायडेलबर्गला त्याने प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड केले, त्यावर लक्षणे आणि शेवट नोंदवला, आणि ती कार्डे पुन्हा पुन्हा लावून आजारांचे गट पाडले.

या पद्धतीचे बळ आणि तिची उणीव एकाच प्रसंगात दिसते. क्रेपेलिनच्या छापील व्याख्यानांत एका तरुण रुग्णाला विद्यार्थ्यांपुढे आणल्याची हकिकत आहे. तो डोळे मिटून बसतो, नाव विचारले तर चढ्या आवाजात असंबद्ध वाटणारे बोलतो, चिडतो. त्याला प्रश्न कळत होते, पण उपयोगाची माहिती त्याने दिली नाही, असा क्रेपेलिनचा शेरा आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आर. डी. लेंग याने 1960 मध्ये तोच मजकूर वेगळ्या नजरेने वाचला: हा मुलगा परीक्षकाचीच नक्कल करतो आहे, आणि वर्गापुढे असे उभे केल्याबद्दल त्याला जाबही विचारतो आहे. लेंगचे सगळेच म्हणणे पटण्यासारखे नाही. इथे मात्र त्याचा कान तीक्ष्ण होता. तपासणारा स्वतःही त्या खोलीत असतो, ही गोष्ट कार्डावर येत नाही.

रुग्णाचा अनुभव आतून कसा आहे हे विचारण्याची शिस्त कार्ल यास्पर्सने लावली. 1913 साली त्याचे ‘सामान्य मनोविकृतिशास्त्र’ प्रसिद्ध झाले तेव्हा तो तिशीचा होता. अनुभवाचा आशय आणि त्याचे रूप वेगळे ठेवा, हा त्याचा आग्रह. आवाज कुणाचा, देवीचा की शेजाऱ्याचा, हा आशय. तो गावागणिक बदलतो. पण तो आवाज ‘तू कामाचा नाहीस’ असे थेट सुनावतो, की ‘बघ, आता तो चहा पितोय’ असे दुसऱ्याच कुणाला सांगतो, हे रूप. पुढे कुर्ट श्नायडरने आवाजाच्या या दुसऱ्या प्रकाराला स्किझोफ्रेनियाच्या निदानात खास वजन दिले. म्हणूनच ‘आवाज येतात का?’ एवढ्यावर चांगला तपासनीस थांबत नाही.

रकान्यांचा साचा पक्का झाला तो अमेरिका आणि इंग्लंडमध्ये. स्वित्झर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या अडॉल्फ मायरने सरकारी रुग्णालयांच्या अस्ताव्यस्त नोंदींना वळण लावले, आणि जॉर्ज कर्बीने 1921 मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयांसाठी तपासणीची पुस्तिका काढली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाची पद्धत तिथे शिकून गेलेल्या डॉक्टरांबरोबर जगभर पसरली.

साचा एक झाला तरी निष्कर्ष एक निघेनात. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा फार जास्त का होते, याचा छडा लावायला दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच ठरीव पद्धतीने मुलाखत घेतली गेली. 1972 मध्ये निष्कर्ष आले: फरक बव्हंशी रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता. प्रश्नांची आणि गुणांकनाची ही ठरीव पद्धत जॉन विंग आणि सहकाऱ्यांची; तिच्या 1974 च्या आवृत्तीत 140 बाबी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ती नऊ देशांत वापरली. त्यांतले भारतातले केंद्र आग्र्याचे.

स्मरण व लक्ष तपासण्याच्या प्रश्नांना शाळेचा वास आहे. शंभरातून सात-सात वजा करत जा, आजची तारीख सांगा, हे वाक्य वाचून तसे करा. 1975 मध्ये फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी अशा प्रश्नांची 30 गुणांची छोटी चाचणी तयार केली. ती अवघ्या काही मिनिटांत होते आणि म्हणूनच सर्वत्र गेली. पण शाळेची पायरी न चढलेली आजी इथे नापास होते, मग तिची स्मृती कितीही शाबूत असो. हरियाणातल्या बल्लभगढ भागात स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या गांगुली आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हिंदी चाचणी सिद्ध केली, ती ही अडचण ओळखून. ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि तसेच करायला सांगतो. म्हणींचा अर्थ विचारण्याच्या जुन्या प्रघातातही असाच पेच आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’चा अर्थ बरोबर सांगणाऱ्याची अमूर्त विचारशक्ती कळते, की तो अर्थ त्याने लहानपणीच ऐकलेला असल्याचे?

शेवटचा रकाना आजाराच्या जाणिवेचा. ऑब्री लुइसने 1934 मध्ये या विषयावर लिहिले, तरी व्यवहारात ‘जाण आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच शेरा पडत राहिला, आणि डॉक्टरशी असहमत रुग्ण सहजच दुसऱ्या खान्यात गेला. 1990 मध्ये अँथनी डेव्हिड यांनी तिचे तीन भाग केले: आपल्याला आजार आहे हे मानणे, विचित्र अनुभव आजारातून येतात हे ओळखणे, आणि उपचाराला राजी असणे. तिन्ही एकत्र असतीलच असे नाही. गोळ्या नियमित घेणारे आणि आजार साफ नाकारणारे रुग्ण प्रत्येक ओपीडीत असतात. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता या रकान्यावर सोपवलेली नाही. माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम उमगणे आणि तो निर्णय बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने कळवणे, या निकषांवर ती वेगळी तपासली जाते. आणि रुग्णाचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला अक्षम ठरवता येत नाही.