दप्तराबाहेरची नवी मुंबई

इतिहास म्हणजे अस्सल कागद, ही शिकवण राजवाड्यांनीं महाराष्ट्राच्या अंगीं इतकी बाणविली आहे कीं, तोंडी हकीकत दारीं आली तर आपण तिला अद्यापि ओसरीवरच बसवितों. राजवाडे गांवोगांव हिंडले, माळ्यांवरचीं दप्तरें त्यांनीं खालीं काढविलीं, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापून त्या कागदांस घर मिळवून दिलें. हें ऋण कोण नाकारील? परंतु ज्या घरांत दप्तरच नव्हतें, त्या घराचा इतिहास कोठें शोधावयाचा, हा प्रश्न नवी मुंबईकडे पाहतांना टाळतां येत नाहीं.

या शहराच्या जन्माचे कागद उदंड आहेत. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडील नगराची कल्पना १९६५ सालीं ‘मार्ग’ या नियतकालिकांत मांडली. १९७० च्या मार्चांत सिडकोची स्थापना झाली. आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवें व सुमारें ३४४ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र नव्या नगरासाठीं आंखलें गेलें. सर्व्हे नंबर, क्षेत्र, मोबदला, सारें नमूद आहे. मात्र भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून बांध कोणीं घालावयाचा, पाणी सोडण्या-अडविण्याची उघाडी कोणाच्या पाळीनें राखावयाची, काळ्या रात्याचें भात कोणत्या खाचरांत तग धरी, मिठागरांत दिवसभर उभें राहून भेगाळलेल्या पायांवर रात्रीं काय लावीत, हें सात-बाराच्या कोणत्या रकान्यांत सांपडणार? आगरावरून ज्यांस आगरी हें नांव पडलें, त्यांचीं आगरेंच गेलीं. उरली ती आठवण. १९७० सालीं विशींत असलेला तरुण आज पंचाहत्तरीच्या घरांत आहे. कागद थांबेल, माणूस थांबणार नाहीं.

या कामांत पहिली चूक मीं स्वतःच केली. एका वृद्ध आगरी बाईंची हकीकत मीं उतरून घेतली आणि ती वाचनीय व्हावी म्हणून ग्रांथिक मराठींत नीटनेटकी केली. वाचून दाखवितांच त्या हंसल्या व म्हणाल्या कीं, हें तुमचें बोलणें आहे, माझें नव्हे. त्यांच्या बोलींतील चिखलाचीं, भरतीचीं, मासळीचीं कितीतरी नांवें माझ्या शुद्धलेखनांत वाहून गेलीं होतीं. अशा हकीकती बोललेल्या शब्दांतच ठेवाव्या; टीपा हव्या तितक्या खालीं द्याव्या.

दुसरा धोका माणसें निवडण्याचा. अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत ॲलन नेव्हिन्स यांनीं १९४८ सालीं हा उद्योग आरंभिला, तेव्हां प्रथम मोठमोठ्या कर्त्या पुरुषांच्याच मुलाखती झाल्या. आपल्याकडेहि तेंच होण्याचा संभव आहे. १९९२ सालीं रेल्वे वाशीस पोहोंचण्यापूर्वीं जे मध्यमवर्गीय येथें राहावयास आले, त्यांच्या आठवणी जरूर जमवाव्या. पण त्यांच्या हातीं लेखणी आहे, ते आपलें आपण लिहितील. जानेवारी १९८४ मधील गोष्ट घ्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं झालेल्या आंदोलनांत जासई परिसरांत गोळीबार झाला व पांच जण मृत्यु पावले. पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाचें तत्त्व मान्य झालें. टक्का कागदावर आहे, पुढाऱ्यांचीं भाषणें वर्तमानपत्रांत आहेत. त्या दिवशीं चूल पेटवून वाट पाहत बसलेल्या स्त्रियांस कोणीं विचारलें आहे?

स्मृति चुकते, हा आक्षेप खरा आहे. एका गांवीं एक वृद्ध शेतकरी मला सांगत होते कीं, आमची जमीन खाडीपूल झाल्यानंतर गेली. पूल झाला १९७३ सालीं. संपादनाची सूचना निघाली १९७० सालीं. मीं तसें म्हटलें. ते म्हणाले, सूचना साहेबांच्या कचेरींत निघाली असेल. आम्ही त्यानंतरहि भात लावलें, कापलें, झोडलें. भरावाच्या मातीचे ट्रक बांधावर आले, तेव्हां जमीन गेली. मीं वहींत दोन्ही सालें लिहिलीं. मग ते मला घराबाहेर घेऊन गेले आणि मोटारी उभ्या होत्या त्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, उघाडी येथें होती.