मुंबई बंदरीं व्यापारी कसे आले?



समुद्रकांठीं नवें ठाणें वसवावयाचें आणि दूरदूरच्या धनिकांना भांडवल घेऊन तेथें बोलवावयाचें, हा उद्योग आज सर्व जगांत चालला आहे. आपल्या देशानें 1965 सालीं कांडला येथें असें क्षेत्र उघडलें; चीननें 1980 सालीं शेंझेन धरून चार ठिकाणीं तोच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर आरंभिला. करांत सवलत, जकातीची माफी, आयती जमीन, हीं आमिषें सर्वत्र सारखींच. परंतु हा प्रकार नवा नाहीं. साडेतीनशें वर्षांपूर्वीं तो मुंबईंत होऊन गेला आहे. सेमाडोहसारख्या डोंगरी गांवच्या माणसानें बंदराची कथा कां सांगावी, असें कोणी विचारील. पण आमच्या वऱ्हाडचा कापूस पुढें त्याच बंदराच्या वाटेला लागला. तेव्हां तें बंदर कसें वसलें हें पाहणें आम्हांसही अगत्याचें आहे.

1661 च्या विवाहाच्या तहानें मुंबई पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि 1668 सालीं त्यानें ती वर्षाला 10 पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. हवा रोगट, सखल भागांत भरतीचें पाणी, आणि व्यापार सारा सुरतेस! अशा ठिकाणीं कोण सावकार येणार?

1669 मध्यें जेरॉल्ड ऑन्जिअर हा गव्हर्नर झाला. नव्या लोकांना बोलावण्याआधीं जुन्यांचा प्रश्न सोडविला पाहिजे, हें त्यानें ओळखलें. जमिनींच्या मालकीविषयीं कंपनी आणि बेटावरचे जमीनदार यांत तंटा होता. 1672 सालीं त्यानें त्यांच्याशीं करार केला: त्यांनीं वर्षाला 20,000 शेराफी द्यावे आणि कंपनीनें जमिनींवरील आपला दावा सोडावा. त्याच वर्षीं न्यायकोर्ट उघडलें. निरनिराळ्या जातिधर्मांच्या पंचायतींना आपापले तंटे मिटविण्याची मुभा मिळाली, आणि पारशांच्या दोखम्यासाठीं मलबार टेकडीवर जागा मिळाली. शिवाजी महाराजांनीं 1664 व 1670 सालीं सुरत लुटली होती. त्यामुळें तेथील व्यापारी निर्धास्त ठिकाणाच्या शोधांत होतेच. पण भयानें माणूस घर सोडतो. नवें घर मात्र तो भरंवशानेंच निवडतो.

हा भरंवसा म्हणजे काय, तें दीवच्या निमा पारख नांवाच्या वाण्यानें 1677 सालीं कंपनीपुढें ठेवलेल्या अटींवरून स्पष्ट दिसतें. घरासाठीं व वखारीसाठीं बिनभाड्याची जागा द्यावी; आमच्या आवारांत परधर्मीयानें राहूं नये व जीवहत्या करूं नये; आमचा धर्म आम्हांस पाळूं द्यावा आणि प्रेतांचें दहन आमच्या रीतीनें करूं द्यावें; पहाऱ्याच्या कामावर आम्हांस धरूं नये; युद्धप्रसंगीं आमचा माल व कुटुंब यांना किल्ल्यांत आसरा मिळावा. या मागण्या कंपनीनें बहुतांशीं मान्य केल्या.

या अटी नीट वाचल्या तर एक गोष्ट ध्यानांत येते. जागेसारख्या एखाददुसऱ्या सवलती सोडल्या, तर या माणसानें नफा मागितला नाहीं. त्यानें अभय मागितलें, आणि तेंही लेखी मागितलें. नफा कसा मिळवावा हें व्यापाऱ्याला शिकवावें लागत नाहीं. मिळविलेलें उद्यां कोणी हिरावून घेणार नाहीं, एवढीच हमी त्याला राज्यकर्त्याकडून हवी असते. ऑन्जिअरच्या कारकीर्दींत बेटाची वस्ती 10,000 वरून 60,000 वर गेली, असा त्या काळच्या लोकांचा अंदाज होता. अंदाज थोडा फुगलेला मानला तरी वाढ मोठी होती हें खरें.

आतां या कथेचा उत्तरार्ध. 1677 सालींच ऑन्जिअर वारला. मागून आलेल्यांना काटकसरीचा हव्यास जडला. शिपायांचे पगार कापले, रयतेवर कर वाढविले. परिणामीं 1683 सालीं कॅप्टन केग्विन यानें बंड करून बेटच ताब्यांत घेतलें. पुढें कंपनीनें मोंगलांशीं कलह ओढवून घेतला आणि 1689 मध्यें जंजिऱ्याचा सिद्दी मुंबईवर चालून आला. त्यांत रोगराईची भर पडली. वस्ती ओसरली आणि बंदराची उमेद कित्येक वर्षें मागें पडली. जें वचनानें जमलें होतें, तें वचनभंगानें विस्कटलें.

हा धडा जुन्या बखरींत बांधून ठेवण्याजोगा नाहीं. रायगड जिल्ह्यांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी घेण्याचें ठरलें, तेव्हां शेतकऱ्यांनीं विरोध केला. सप्टेंबर 2008 मध्यें पेणकडील 22 गांवांत त्यांचें मत घेण्यांत आलें, आणि तो मोठा बेत तडीस गेला नाहीं. पाहुण्यांसाठीं पानें मांडलीं, पण घरच्यांना विचारलें नाहीं, असा हा प्रकार झाला. आतां 2024 सालीं आमच्या अमरावतीच्या वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली आहे. समुद्र दूर असला तरी प्रश्न तोच आहे. तेथें सवलतींचा पाढा कितीही मोठा असो. ज्याची जमीन गेली आणि ज्याचा कापूस तेथें जाणार, त्याला ऑन्जिअरच्या कराराइतकी स्पष्ट, लेखी हमी आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. बाहेरचा सावकारही शेवटीं तेंच पाहतो. घरच्यांना दिलेला शब्द जो पाळीत नाहीं, तो आपल्याला दिलेला पाळील, असें कोणताही शहाणा व्यापारी मानीत नाहीं.