धुण्याच्या वडीचं राजकारण

१० एप्रिल २०१५ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या वस्तूंच्या यादीत शेवटच्या २० वस्तू उरल्या होत्या, त्याही त्या दिवशी वगळल्या गेल्या. लोणची-चटण्या, पाव, मेणबत्त्या, आगपेट्या, फटाके, अगरबत्त्या, काचेच्या बांगड्या, कुलपं... आणि धुण्याचा साबण. बातमी आली, गेली. मला मात्र त्या यादीतला साबण अडला. धुण्याच्या वडीला सरकारी संरक्षण लागावं असं काय घडलं होतं? आणि ते मिळूनही गावोगावचे साबण कारखाने गेले कुठे?

जरा मागे जाऊ. आपल्याकडे कपडे धुवायला रिठा, राख, खारी माती असायची. गावात परीट होता, बारा बलुतेदारांपैकी एक. कपडे भट्टीला लावायचे, नदीवर आपटायचे, आणि मोबदला धान्यात घ्यायचा. संत गाडगेबाबांचा जन्म याच परीट समाजातला, १८७६ चा. आयुष्यभर हातात खराटा घेऊन स्वच्छता शिकवणारा माणूस धुणाऱ्यांच्याच घरातून आला, हे विसरू नये.

१८८८ मध्ये कलकत्ता बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. वर छापलेलं होतं, इंग्लंडात लिव्हर ब्रदर्सने बनवलेला. साबण आधीही येत होता, पण नाव छापलेल्या, एकसारख्या मापाच्या वड्या घराघरात पोचवायचा धंदा इथून वाढत गेला. १८९५ मध्ये लाइफबॉय आला.

मग स्वदेशीचं वारं आलं. विदेशी साबणात जनावराची चरबी असायची, त्यामुळे अनेक घरांत तो चालायचा नाही. मुंबईत कुलपं बनवणाऱ्या आर्देशीर गोदरेज यांनी पहिलं महायुद्ध संपता संपता वनस्पती तेलाचा साबण काढला. नाव ठेवलं 'चावी'. कुलूपवाल्याचा साबण, दुसरं काय नाव असणार! याच आर्देशीरनी पुढे टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. म्हणजे तेव्हा साबण विकत घेणं हीसुद्धा एक राजकीय भूमिका होती.

तिकडे दक्षिणेत टाटा ऑइल मिल्स उभी राहिली, १९१७ साली स्थापन झालेली. केरळात खोबऱ्यापासून तेल काढणारी ही कंपनी पुढे साबणात उतरली. तिचा ५०१ बार आमच्या आधीच्या पिढीला चांगला आठवतो. परदेशी कंपनीही गप्प बसली नाही. लिव्हरने १९३४ मध्ये मुंबईत शिवडीला कारखानाच टाकला. आयातीचा माल आता 'इथे बनलेला' झाला.

त्याच १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला, जे. सी. कुमारप्पा तिथे काम पाहू लागले. योगायोगच, पण बोलका आहे. एकीकडे शिवडीचा कारखाना, दुसरीकडे मगनवाडी. पुढे खादी ग्रामोद्योगाने कडुनिंब, करंज अशा न खायच्या तेलांच्या साबणाला स्वतंत्र उद्योग म्हणून धरलं. विचार साधा होता: बी गावात पडतंय, तेल गावात निघतंय, तर साबण शहरातून का आणायचा?

आणि वडी बनवायला लागतं तरी काय? तेल, कॉस्टिक सोडा, पाणी. टाकीत ढवळायचं, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की तारेने कापायचं. थोड्या भांडवलात होणारं काम. म्हणून छोट्या गावांतही साबणाचे कारखाने निघाले. १९६७ मध्ये सरकारने ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव केल्या, पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. धुण्याचा साबणही त्या यादीत आला.

आता खरी गोम बघा. राखीव ठेवला तो साबण. पण गिऱ्हाईक साबणावरच थांबलं नाही. १९५९ मध्ये सर्फ आलं. १९६९ मध्ये रिनची वडी आली, आणि त्याच वर्षी अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. निर्मा! सर्फच्या साधारण पाव किमतीत.

यात पाण्याचाही हात होता. दख्खनमध्ये किती विहिरी-बोअरचं पाणी जड! जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका होतो, फेस येत नाही, कपडा पिवळट पडतो. डिटर्जंटचं तसं होत नाही. बाईला रोज बादलीभर कपडे धुवायचे असतात, तिने फेस येणारी वडी घेतली. तिला दोष कसा देणार? त्यात काही छोट्या कारखान्यांनी स्वस्त पडावं म्हणून सिलिकेट आणि इतर भर घालून वजन वाढवलं. वडी जड, पण तेल कमी. विश्वास गेला.

१९९३ मध्ये टाटा ऑइल मिल्स हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, १९९४ मध्ये विलीनीकरण कायम राहिलं. एकमेकांसमोर उभे असलेले दोन साबण एकाच मालकाचे झाले. म्हणजे २०१५ साली राखीव यादी संपली तेव्हा राखण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच. नुसतं आरक्षण देऊन छोटा कारखाना जगत नाही. त्याला तपासणीची प्रयोगशाळा हवी, रास्त दरात तेल हवं, तंत्र बदललं की शिकवणारं कुणी हवं. आपण त्याला यादीत जागा दिली आणि पाठ फिरवली. आज बचत गटांच्या बायका पुन्हा साबण बनवतायत, प्रदर्शनात स्टॉल लावतायत. उद्घाटनाला पुढारी येतात, फोटो निघतो. पण त्यांच्या वडीतलं तेलाचं प्रमाण तपासून देणारी सोय तालुक्याला आहे का, हे कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी स्टॉलवर आमदार भेटले, तर फोटोआधी हा प्रश्न विचारून बघा.

तुमच्या गावात साबणाचा कारखाना होता का? नाव आठवत असेल, वडीचा रंग आठवत असेल, तर जरूर लिहा. निदान एवढी नोंद तरी आपल्यापाशी राहील.