स्वस्त दारूगोळ्याचे मोल : मराठेशाहीपासून भंडारा आयुध निर्माणीपर्यंत एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

शस्त्र एकदा विकत घेतले की ते वर्षानुवर्षे चालते. दारूगोळा मात्र वापरला की संपतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. म्हणूनच लष्करी खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की राज्यकर्त्यांची दृष्टी प्रथम दारूगोळ्याच्या दराकडे वळते. परंतु या वस्तूचे एक वैशिष्ट्य असे की तिचा खरा कस ती उडविल्याशिवाय कळत नाही आणि उडविल्यावर ती शिल्लक राहत नाही. थोड्या नमुन्यांची चाचणी घेऊन संपूर्ण साठ्यावर विश्वास ठेवावा लागतो. त्यामुळे 'कमी किमतीचा दारूगोळा घ्यावा काय?' हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने तर तो घरचा प्रश्न आहे. भंडारा शहराजवळ जवाहरनगर येथे १९६४ साली आयुध निर्माणी स्थापन झाली आणि तेव्हापासून स्फोटके व तोफा-बंदुकांसाठी लागणारी दारू तयार करणे ही या परिसराची एक ओळख बनली.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) मराठेकालीन व आधुनिक दाखल्यांतून दारूगोळ्याची किंमत व गुणवत्ता यांचा संबंध तपासणे.
२) स्वस्ताईची कारणे वेगळी करून त्यांपैकी कोणती स्वीकारार्ह ठरते याचा विचार करणे.

मराठेकालीन अनुभव

सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून तयार होणाऱ्या काळ्या दारूत सोऱ्याचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश असते. सोरा नीट शुद्ध केला नाही तर त्यातील इतर क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. अशी दारू स्वस्त पडते, पण पावसाळ्यानंतर तिचा जोर उरत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याविषयी आणि दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळविण्याविषयी स्पष्ट आज्ञा आहे. दारूचे मोल खरेदीच्या दिवशी ठरत नसून साठवणुकीच्या काळात ते टिकवावे लागते, ही जाण मराठी राज्यकर्त्यांना होती, हे यावरून दिसते.

ही जाण प्रत्यक्ष मोहिमेत नेहमीच उतरली असे नाही. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धन यांनी इंग्रजांच्या तुकडीसह धारवाडला वेढा घातला. १७९० च्या उत्तरार्धात सुरू झालेला हा वेढा एप्रिल १७९१ पर्यंत लांबला. त्या तुकडीतील अधिकारी एडवर्ड मूर याने १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात मराठी तोफखान्याच्या संथ माऱ्याचे आणि दारूच्या टंचाईचे वर्णन आहे. मारा थांबला की किल्ल्यातील लोकांना पडलेला तट दुरुस्त करण्यास अवधी मिळे. मूर परकीय होता, त्यामुळे त्याची टीका सावधपणे वाचली पाहिजे. तथापि सहा महिने फौज पोसण्याचा खर्च लक्षात घेता दारूवर वाचविलेला पैसा ही बचत ठरत नाही, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

याच काळातील दुसरा दाखला नेमका उलट आहे. महादजी शिंदे यांच्या सेवेतील द बॉयन याच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला शस्त्रनिर्मिती होत असे. सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तेथे अवघ्या दहा रुपयांत बंदूक तयार होई आणि ती युरोपीय बंदुकीच्या तोडीची मानली जाई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत हाती आलेल्या शिंद्यांच्या पितळी तोफांची खुद्द आर्थर वेलस्लीने प्रशंसा केली होती. आग्र्याची स्वस्ताई स्थानिक मजुरी व जाणकार देखरेख यांतून आली असावी. तेव्हा कमी किंमत म्हणजे हीन प्रत, हे समीकरणही इतिहासाला मान्य नाही.

धुण्याची किंमत : नायट्रोसेल्युलोजचा धडा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या दारूची जागा हळूहळू नायट्रोसेल्युलोजवर आधारित दारूने घेतली. भंडाऱ्यासारख्या निर्माणीत होणाऱ्या कामाचा हा पाया आहे. १८४६ साली शोनबाइन याने कापसावर आम्लांची प्रक्रिया करून हा स्फोटक पदार्थ प्रसिद्धीस आणला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील फेव्हरशॅम येथील कारखान्यात भीषण स्फोट होऊन सुमारे वीस माणसे मृत्युमुखी पडली. कापसाच्या तंतूंत अडकून राहिलेले आम्ल पदार्थाचे आतून विघटन करीत राहते, हे त्या वेळी पुरते उमगले नव्हते. फ्रेडरिक एबल याने १८६५ च्या सुमारास कापसाचा लगदा करून तो पुन्हा पुन्हा धुण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा कुठे हा पदार्थ भरवशाचा झाला.

हे धुणे व उकळणे वेळखाऊ आहे. त्यासाठी पाणी, इंधन आणि मनुष्यबळ लागते. तयार मालाकडे पाहून मात्र ते किती वेळ केले हे डोळ्यांना दिसत नाही. खर्च कमी करण्याचा मोह येथेच होतो. शिवाय विघटन आटोक्यात ठेवण्यासाठी मिसळलेले स्थिरक द्रव्य काळाबरोबर खर्ची पडते आणि उष्णतेत ते अधिक वेगाने संपते. फ्रेंच नौदलाच्या 'इएना' (१९०७) आणि 'लिबेर्ते' (१९११) या युद्धनौका तुलाँ बंदरात नष्ट झाल्या, त्यामागे जुन्या, अस्थिर झालेल्या दारूचेच कारण मानले गेले. मे महिन्यात विदर्भातील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. येथे दारूगोळा साठविणाऱ्यांनी हा धडा विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९६२ च्या चीन युद्धाने देशाची लष्करी अपुरी तयारी उघड केली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना शस्त्रनिर्मितीच्या विस्ताराला गती मिळाली. भंडारा व वरणगाव येथील निर्माण्या १९६४ च्या आहेत. स्वदेशी उत्पादनाचा हेतू केवळ स्वस्ताईचा नव्हता. ऐन युद्धात पुरवठ्याची खात्री असावी, हा त्यामागील मुख्य विचार होता. १९९९ च्या कारगिल संघर्षात तातडीने परदेशी खरेदी करावी लागली आणि त्यातील मोठा भाग लढाई संपल्यावर हाती आला, असे महालेखापरीक्षकांनी २००१ साली नोंदविले. वेळेवर न मिळालेला दारूगोळा कोणत्याही दरात महागच ठरतो.

महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालानुसार मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकारांचा साठा वीस दिवसांच्या किमान पातळीखाली होता. दुसऱ्या बाजूने, २०१४ ते २०२० या काळात सदोष दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा लष्कराचा अंतर्गत अंदाज २०२० मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला. आयुध निर्माणी मंडळाने त्याचा प्रतिवाद करून अपघातांमागे शस्त्रातील दोष, हाताळणी व साठवण अशी इतर कारणेही असल्याचे मांडले. हा वाद बोलका आहे. दोष कोठे निर्माण झाला हे सांगण्यासाठी निर्मिती, तपासणी, साठवण आणि वापर या चारही टप्प्यांच्या नोंदी लागतात आणि अशा नोंदी ठेवणे हाही किमतीचाच भाग आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन भंडारा निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली. खासगी उत्पादकांशी स्पर्धा आली, म्हणजेच दराचा दबावही आला. अशा वेळी २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ जणांचे प्राण गेले. या दुर्घटनेचा संबंध किमतीशी जोडण्यास कोणताही आधार नाही व तसे सुचविण्याचा येथे हेतूही नाही. मात्र दारूगोळ्याची जोखीम रणभूमीवर सुरू होत नसून ती कारखान्याच्या इमारतीत सुरू होते, एवढे या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे.

निष्कर्ष

१) स्वस्ताई दोन प्रकारची असते. स्थानिक कच्चा माल, कुशल मजुरी व मोठे उत्पादन यांतून येणारी स्वस्ताई स्वीकारार्ह आहे. शुद्धीकरण, तपासणी व सुरक्षितता यांना फाटा देऊन येणारी स्वस्ताई त्याज्य आहे.
२) दर प्रति नग न मोजता प्रति विश्वासार्ह नग मोजला पाहिजे. शंभर रुपयांच्या दहा गोळ्यांपैकी तीन फुसके निघाले, तर उरलेला प्रत्येक गोळा सुमारे १४३ रुपयांना पडतो. फुटलेली तोफ आणि गमावलेला जवान यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही.
३) सरावासाठी कमी किमतीचा दारूगोळा वापरता येईल, तथापि तो सुरक्षिततेच्या कसोटीवर युद्धातील दारूगोळ्याइतकाच खरा उतरला पाहिजे.
४) खरेदीच्या निविदेत सर्वांत कमी दराबरोबर साठवणकाळ, नमुना-चाचणी आणि दोषाची जबाबदारी या बाबींना स्पष्ट स्थान असावे.

सारांश, कमी किंमत हा गुण ठरू शकतो. परंतु ती कोठून कमी झाली हे विचारल्याशिवाय तो गुण मानता येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर न देणाऱ्या दरपत्रकाची उरलेली रक्कम कोणाला तरी चुकवावी लागते, आणि ती बहुधा कामगाराच्या व जवानाच्या वाट्याला येते.