फेझच्या गल्ल्या : वास्तू, ग्रंथ आणि जतन

मोरोक्कोतील फेझ या शहराची प्रवासवर्णने वाचताना एक शब्द हटकून भेटतो : 'भुलभुलैया'. हा शब्द शहराविषयी थोडे सांगतो आणि पाहणाऱ्याविषयी अधिक. वाट चुकलेल्या पाहुण्याला जो गोंधळ वाटतो, तो तेथील रहिवाशाच्या दृष्टीने एक सुसंगत रचना असतो. ही रचना समजून घेतल्याशिवाय फेझचा इतिहास वाचता येत नाही.

या शहराचा आरंभच दुहेरी आहे. इद्रिसी घराण्याने आठव्या-नवव्या शतकांच्या संधिकाळात नदीच्या दोन काठांवर दोन वस्त्या वसवल्या. इ.स. ८१८च्या उठावानंतर कोर्दोबातून हद्दपार झालेले लोक एका काठावर आले, तर आजच्या ट्युनिशियातील कैरवानहून आलेली कुटुंबे दुसऱ्या काठावर स्थिरावली. अकराव्या शतकात अल्मोराविद राजवटीने दोन्ही वस्त्या एकाच तटबंदीत आणल्या. कैरवानकरांचे नाव धारण करणारी करवियीन मशीद फातिमा अल-फिहरी या स्त्रीने इ.स. ८५९ मध्ये उभारली, असे परंपरा सांगते. मात्र ही कथा आपल्याला भेटते ती इब्न अबी झर याच्या १३२६च्या ग्रंथात, म्हणजे जवळजवळ पाच शतकांनंतर. शहर आपल्या उगमाची कथा केव्हा लिहून काढते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला म्हणूनच महत्त्वाचा वाटावा.

ते शतक मरिनी सुलतानांचे होते. बाब बू जलूद या वेशीपासून तालआ कबीरा हा मुख्य रस्ता उताराने करवियीनकडे जातो. त्याच रस्त्यावर सुलतान अबू इनानने १३५० ते १३५५ या काळात बांधलेला बू इनानिया मदरसा आहे. त्याच्या चौकातील भिंती खालून वर वाचाव्यात अशा आहेत : तळाशी रंगीत फरशीतुकड्यांची भौमितिक नक्षी, मध्यभागी कोरीव गिलावा, वर देवदाराचे लाकूडकाम; आणि या सर्वांतून फिरणारी अरबी अक्षरे. याच अबू इनानच्या आज्ञेवरून इब्न बतूताने आपला प्रवास इब्न जुझाय या लेखकाला सांगितला आणि १३५५ मध्ये तो ग्रंथ पूर्ण झाला. त्यात दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा किल्ला आहे, मराठे लोक आहेत, गायक-गायिकांचा बाजारही आहे. चौदाव्या शतकातील देवगिरीचे हे वर्णन फेझच्या दरबाराच्या आश्रयाने ग्रंथरूप झाले, हे आपण क्वचितच लक्षात घेतो. मदरसा आणि प्रवासग्रंथ ही एकाच आश्रयदात्याची, एकाच दशकातील निर्मिती आहे.

मुख्य रस्त्याला उपगल्ल्या फुटतात आणि त्यांतून 'दर्ब' नावाचे बंद बोळ निघतात. रस्ता सर्वांचा, बोळ मात्र त्यातील घरांचा. वाट जितकी अरुंद होत जाते, तितका परक्याचा अधिकार कमी होतो. घराची बाहेरची भिंत जवळजवळ कोरी. दारातून आत जाणारी वाट वळण घेते, त्यामुळे दार उघडे असले तरी अंगण दिसत नाही. वैभव आहे ते अंगणाभोवती. मशीद, पाणवठा, हमाम, भाकरीची भट्टी आणि कुराणशाळा या पाच गोष्टी मोहल्ल्याला पूर्णत्व देतात. मोटारींना येथे वाव नाही. माल खेचरांवरून जातो आणि 'बालक!' या हाळीवर माणसे भिंतीला चिकटतात.

३० मार्च १९१२ रोजी याच शहरात झालेल्या तहाने मोरोक्कोवर फ्रेंच संरक्षित राज्य लादले गेले. रेसिडेंट-जनरल ल्योते याने जुन्या शहराला हात लावू दिला नाही. आंरी प्रोस्त या नगररचनाकाराच्या आराखड्यांनुसार युरोपीयांसाठी वेगळे शहर बाहेर, अंतर राखून वसवले. या धोरणामुळे गल्ल्या वाचल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण राजधानी रबातला गेली, व्यापार कासाब्लांकाकडे वळला, आणि जुने शहर जतन झाले ते मागे ठेवूनच. जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८०च्या आपल्या ग्रंथात रबातच्या संदर्भात या विभाजनाला नागरी वर्णभेद म्हटले आहे. श्रीमंत कुटुंबे बाहेर पडली, खेड्यांतून आलेल्यांनी ती घरे वाटून घेतली आणि एका अंगणाभोवती अनेक चुली पेटू लागल्या.

१९८१ मध्ये युनेस्कोने फेझच्या मदीनाचा जागतिक वारशात समावेश केला. त्यानंतर मदरशांची नक्षी उजळली, अनेक घरांची अतिथिगृहे झाली. जतनाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु दर्बची रचना शेजाऱ्यांच्या परस्पर अधिकारांवर उभी होती. तेथे राहणारे शेजारीच उरले नाहीत, तर तोच बोळ केवळ एक अरुंद वाट होतो. म्हणून फेझमधील दुरुस्त झालेल्या भिंती मोजताना त्या भिंतींमागे आज कोण राहते, हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे.