पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्रे आणि वन्यजीव सर्वेक्षण

पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये खाणकाम, प्रदूषणकारी उद्योग इत्यादींवर निर्बंध घातलेला भूप्रदेश. असा प्रदेश निवडण्याचे निकष प्रणव सेन समितीने २००० साली सुचविले. प्रदेशनिष्ठ, दुर्मीळ व संकटग्रस्त प्रजातींचे अस्तित्व हे त्यांतील महत्त्वाचे निकष होत. त्यामुळे वर्गीकरणाचा पाया वन्यजीवांच्या नोंदींवर उभा राहतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग पश्चिम घाटात झाला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ साली अहवाल सादर केला. त्यासाठी घाटाची सुमारे ९ × ९ किलोमीटरच्या चौकटींत विभागणी करण्यात आली. प्रदेशनिष्ठ वनस्पती व प्राणी, संकटग्रस्त सस्तन प्राणी, वनाच्छादन, उंची, उतार इत्यादी घटकांना १ ते १० गुण देऊन त्यांची सरासरी काढण्यात आली. संरक्षित वनांतील गुण तुलनेसाठी आधारभूत धरून चौकटींचे तीन स्तर ठरविण्यात आले.

के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ साली निराळा मार्ग स्वीकारला. उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक व मानवी वापराचा भूप्रदेश वेगळा करून, जैविक समृद्धी, वनांची सलगता व लोकसंख्येची घनता या आधारे गाव हे एकक मानण्यात आले. घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरला.

दोन्ही पद्धतींची मर्यादा सर्वेक्षणाच्या असमानतेत आहे. वाघ, बिबट्या यांची गणना स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते. अंगावरील पट्टे वा ठिपके यांवरून प्रत्येक प्राणी ओळखता येतो. बेडूक, सरडे, मासे यांसाठी मात्र पावसाळ्यात प्रत्यक्ष जागेवर शोध घ्यावा लागतो. जेथे अभ्यासक गेलेच नाहीत, तेथील नोंद कोरी राहते आणि नकाशावर तो भाग निकृष्ट भासतो. नोंद नसणे म्हणजे प्रजाती नसणे नव्हे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे याचे बोलके उदाहरण होय. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर साचणाऱ्या उथळ पाण्यात प्रजनन करणाऱ्या आंबोली भेकाचे शास्त्रीय वर्णन २००९ साली झाले. तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. तेथेच आढळलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचे वर्णन २०२० साली, म्हणजे दोन्ही अहवालांनंतर, झाले. त्याच्या अधिवासास २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. वृक्षहीन सडा उपग्रहचित्रात उजाड दिसतो. त्याचे मोल जमिनीवरील पाहणीतूनच उमगते.

वर्गीकरणाचा परिणाम गावकऱ्यांच्या उपजीविकेवरही होतो. निर्बंधांच्या धास्तीने अनेक ठिकाणी विरोध झाला. केंद्र सरकारने २०१४ पासून मसुदा अधिसूचना काढल्या. वायनाडमधील भीषण दरडींच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, सहावा मसुदा निघाला. त्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित असून महाराष्ट्राचा वाटा १७,३४० व गोव्याचा १,४६१ चौरस किलोमीटर आहे.

सीमारेषा एकदा आखली गेली की तिच्याबाहेरील अधिवासास या अधिसूचनेचे संरक्षण लाभत नाही. म्हणूनच गावपातळीवरील जैवविविधता नोंदवह्या आणि स्थानिकांच्या सहभागाने होणारी नियमित सर्वेक्षणे यांना नकाशाइतकेच महत्त्व आहे.