संशय, पुरावा आणि साक्ष : मराठीतला ऑथेल्लो

मत्सराची शोकांतिका म्हटली की शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ आठवते. एक पराक्रमी सेनापती, त्याच्यावर जीव टाकणारी बायको, कानात विष ओतणारा हाताखालचा माणूस आणि एक हातरुमाल. कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती सांगत बसत नाही. हे नाटक मराठीत कसे आले, इथे त्याचे काय झाले आणि ते आजही आपल्याला काय विचारते, एवढेच आज पाहू.

लंडनमध्ये या नाटकाच्या प्रयोगाची पहिली नोंद १ नोव्हेंबर १६०४ ची आहे. मराठीत ते १८६७ साली आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी भाषांतर केले आणि शेक्सपिअरचे संपूर्ण नाटक पहिल्यांदा मराठीत उतरले. मराठी वाचकाची शेक्सपिअरशी पहिली भेट झाली ती अशी संशयाच्या दारातून. पुढे पुण्याच्या आर्योद्धारक नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्या मंडळीत गोविंद बल्लाळ देवल होते. देवलांनी १८९० मध्ये त्याच नाटकाचे रूपांतर केले : ‘झुंझारराव’. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा झाली, इयागोचा जाधवराव झाला. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी झुंझारराव गाजवला. समोरची नायिका अर्थातच पुरुष नट. इंग्लंडमध्ये १६६० पर्यंत हीच रीत होती. आपल्याकडे ती विसाव्या शतकात बरीच पुढे चालू राहिली. त्यानंतर शिरवाडकरांनी पुन्हा मूळ नावानेच ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. त्यांच्या ‘नटसम्राट’मधला अप्पा बेलवलकर घर सुटले तरी ज्या भूमिका अंगावर वागवत फिरतो, त्यांत ऑथेल्लोही आहे.

आता एक प्रश्न. ऑथेल्लो मूर आहे, काळा आहे, परका आहे. व्हेनिसला त्याची तलवार हवी असते, पण जावई म्हणून तो नको असतो. इयागोचे विष चढते ते याच फटीतून. त्याला झुंझारराव म्हटले की तो चटकन आपल्यातला सरदार वाटू लागतो. मग परकेपणाची ती धार बोथट होणारच, नाही का? आणि गंमत अशी की ही धार समजायला उदगीरच्या माणसाला व्हेनिसला जावे लागत नाही.

आपल्या किल्ल्याकडे पाहा. १६३६ साली मुघलांचा वेढा पडला, तेव्हा इथला किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह. म्हणजे हबशी, मूळ आफ्रिकेचा. त्याच्या आधी मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६२६ मध्ये वारला. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. दोघे समकालीन, बरं का! लंडनला एक गोरा नट तोंडाला काजळी फासून आफ्रिकी सेनापती रंगवत होता, तेव्हा दख्खनेत खरे आफ्रिकी सेनापती फौजा चालवत होते. पुढे १७६० ची उदगीरची लढाई. सदाशिवरावभाऊंच्या तोफखान्याची जबाबदारी इब्राहिमखान गारद्यावर होती. आधी निजामाच्या चाकरीतला हा माणूस पुढच्याच वर्षी पानिपतावर मराठ्यांसाठी लढताना पकडला गेला आणि मारला गेला. संकटात राज्य ज्याच्या हाती तोफा देते, त्याला घरात, नात्यात, मनात कितपत जागा देते? ‘ऑथेल्लो’चा हा प्रश्न आपल्या मातीतलाच आहे. पण झुंझाररावाच्या वेषात तो आपल्या लक्षात येत नाही.

असो. आता दुसरी बाजू, तत्त्वज्ञानाची. आमचा पिंडच तो, त्याला इलाज नाही.

न्यायशास्त्रात ‘संशय’ हा सोळा पदार्थांपैकी एक आहे, आणि तिथे तो दोष मानलेला नाही. संशय आला म्हणजे विचाराला सुरुवात झाली. विचार पुढे प्रमाणे तपासतो आणि निर्णयावर पोचतो. अंधारात दिसते ते खांब की माणूस? जवळ जा, बघ, मग ठरव. मग ऑथेल्लोचे चुकते कुठे? तो संशय घेतो, हे त्याचे चुकणे नव्हे. तो संशयात पुरेसा थांबत नाही. तो प्रत्यक्ष पुरावा मागतो, आणि मिळते काय? कॅसिओ झोपेत काय बरळला, याची इयागोने सांगितलेली गोष्ट. दुसऱ्याच बाईविषयीचे लांबून ऐकलेले हसणे. आणि शेवटी तो रुमाल. रुमाल कॅसिओपाशी आहे, एवढे प्रत्यक्ष. तो त्याच्यापाशी का आहे, हे अनुमान. धूर दिसला म्हणून आग मानावी, हे ठीक. पण तो धूर आहे की धुके, हे आधी पाहायला नको? आणि हे सगळे कुणाच्या शब्दावर? आप्त कोण, तर वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगू इच्छिणारा. इयागोला नाटकभर सगळे ‘प्रामाणिक’ म्हणतात. त्याची कीर्ती आप्ताची आहे, लक्षण एकही नाही.

इथे देवलांकडे परत येऊ. ‘झुंझारराव’नंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी ‘फाल्गुनराव’ लिहिले. तेच पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. मूळ मोलिएरचे. तिथे रुमालाऐवजी तसबीर आहे. नवरा बायकोवर संशय घेतो आणि बायको नवऱ्यावर, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. संशय तोच, पुरावा तितकाच फुसका. मग एकीकडे प्रेत आणि दुसरीकडे हशा, असे का?

आम्हाला यात दोन फरक दिसतात. एक, संशयकल्लोळात कृत्तिकाही संशय घेते, भांडते, जाब विचारते. संशयाचा हक्क दोघांना आहे. डेस्डिमोनाला फक्त उत्तर द्यायचे आहे, आणि तेही शिक्षा ठरल्यावर. दोन, फाल्गुनरावाच्या जगात सगळे अखेर समोरासमोर येतात, बोलतात, गाठी सुटतात. ऑथेल्लोच्या जगात प्रत्येक बोलणे एका माणसाच्या हातून जाते. सगळ्यांना एकत्र बसवून कुणी विचारतच नाही. विचारते ती एमिलिया. इयागोचीच बायको. गप्प बस म्हणून नवरा दटावतो, तरी ती सगळ्यांसमोर खरे सांगते आणि त्याच्याच हातून मरते. नाटकातली एकमेव खरी साक्ष तिची, आणि ती येते खून झाल्यानंतर.

आपल्याकडे गणपतरावांच्या झुंझाररावाच्या आख्यायिका झाल्या. एमिलियाच्या भूमिकेच्या आख्यायिका झालेल्या आपण ऐकल्या आहेत का? नायकाचा पश्चात्ताप रंगतो, टाळी घेतो. मारेकऱ्याचे दुःख आपल्याला मोठे वाटते. सकाळच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक मथळा नेहमी असतो : ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’. त्या मथळ्याचे व्याकरण पाहा. संशय नवऱ्याचा, आणि मथळ्यात चर्चेला आले ते तिचे चारित्र्य. रुमालाच्या जागी आता मोबाइलवरचा एखादा न घेतलेला फोन असतो, एवढाच फरक.

तेव्हा हे नाटक पुन्हा वाचाल किंवा पाहाल, तेव्हा ऑथेल्लोसाठी जरूर हळहळा. तो थोर आहेच. पण कान एमिलियाकडे ठेवा. आणि नाटकाबाहेर, शेजारच्या घरात, तिच्यासारखे बोलायची वेळ आली, तर पाचव्या अंकाची वाट पाहू नका. पहिल्याच अंकात बोला.